रांगेची किंमत सांगणारे विल्यम व्हिक्री

वाहतूक कोंडीत अडकलेल्या माणसाचा राग नेहमी दुसऱ्या कुणावर तरी असतो. मध्येच घुसलेला टेम्पो, वळणावर थांबलेली रिक्षा, चौकात नसलेला हवालदार, खड्डे न बुजवणारी महापालिका. यातले प्रत्येक कारण काही अंशी खरे असते. पण समजा, सगळे खड्डे बुजले आणि सगळे चालक शिस्तीने वागू लागले, तरीही सकाळी नऊच्या सुमारास पूल तुंबायचा तो तुंबणारच. हे का घडते याचे गणित मांडण्यात आणि त्यावर उपाय सुचवण्यात ज्यांनी चार दशकांहून अधिक काळ घालवला, ते विल्यम व्हिक्री. १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. त्यांच्या आडनावाचा उच्चार आपल्या 'विक्री'च्या अगदी जवळचा आणि गाजलेले संशोधन लिलावावरचे, हा योगायोग मराठी माणसाला गंमतीचा वाटेल.

आरोग्याच्या सदरात अर्थतज्ज्ञ कशाला, असे कुणी विचारेल. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचे उत्तर रोज दिसते. रहदारीच्या रस्त्याकाठी राहणारी दम्याची मुले, दिवसाचे दोन-तीन तास वाहनात काढणारे रक्तदाबाचे रुग्ण, छातीत दुखू लागल्यावर निघाले पण कोंडीमुळे उशिरा पोहोचले असे लोक. कोंडी हा नुसता वैतागाचा विषय नाही, ते आजाराचे एक कारण आहे. कारण समजून घ्यायचे तर या माणसाच्या आयुष्याकडे पाहायला हवे.

शांततावादी गणिती

व्हिक्रींचा जन्म २१ जून १९१४ रोजी कॅनडातील व्हिक्टोरिया या शहरात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले. वडील पश्चिम आशियातील अनाथ आर्मेनियन मुलांना मदत पोहोचवणाऱ्या संस्थेचे मोठे पदाधिकारी होते. मुलाने १९३५ मध्ये येल विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राकडे वळला. काही वर्षे अमेरिकेच्या अर्थखात्यात करविषयक संशोधन केले.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. कायद्याप्रमाणे अशा लोकांना युद्धाऐवजी नागरी सेवा करावी लागे. त्या सेवेचा काही काळ त्यांनी पोर्टो रिको बेटासाठी वारसा कराची रचना करण्यात घालवला. १९४६ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले आणि अखेरपर्यंत त्याच विद्यापीठाचे राहिले. त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक श्रीमंतांकडून अधिक प्रमाणात कर कसा घ्यावा यावर आहे. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे, कारण त्यांच्या वाहतुकीच्या उपायावर गरीबविरोधी असल्याचा आरोप झाला.

भुयारी रेल्वेचे भाडे

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे १९४८ पर्यंत पाच सेंट होते, मग दहा सेंट झाले. सकाळच्या गर्दीत चेंगरून जा किंवा दुपारी रिकाम्या डब्यात पाय पसरून बसा, दर एकच. १९५१-५२ मध्ये शहराच्या महापौरांनी नेमलेल्या समितीसाठी व्हिक्रींनी या भाड्याचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या पट्ट्यात भाडे जास्त ठेवा आणि एरवी कमी. ज्याला वेळ बदलणे शक्य आहे तो बदलेल, आणि ज्याला शक्य नाही त्याला निदान उभे राहायला जागा मिळेल.

निवडून आलेल्या मंडळींनी हा प्रस्ताव बाजूला ठेवला. गर्दीच्या वेळी भाडे वाढवणे म्हणजे मतदारांना दुखावणे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे आजही वेळेनुसार बदलत नाही.

एकतिसावा मोटारवाला

भुयारी रेल्वेवरून व्हिक्री रस्त्यांकडे वळले. त्यांचा मुद्दा समजायला एक जुने उदाहरण उपयोगी पडते. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये दोन रस्त्यांचे कोडे मांडले होते. त्याला आपण सोपे आकडे देऊ.

एका गावाहून दुसऱ्या गावी जायला दोन रस्ते आहेत. एक लांबचा पण रुंद. त्यावर कितीही गाड्या असल्या तरी ६० मिनिटे लागतात. दुसरा जवळचा पण अरुंद. त्यावर जितक्या गाड्या, तितकी मिनिटे लागतात. रोज सकाळी ६० गाड्या निघतात. ३० गाड्या एकीकडे आणि ३० दुसरीकडे गेल्या, तर अरुंद रस्त्यावरचे ३० मिनिटांत पोहोचतील, रुंद रस्त्यावरचे ६० मिनिटांत. सरासरी ४५ मिनिटे.

पण ही वाटणी टिकत नाही. रुंद रस्त्यावरचा एक जण विचार करतो, मी तिकडून गेलो तर ३१ मिनिटांत पोहोचेन. तो वळतो. त्याची २९ मिनिटे वाचतात. मात्र त्याच्या येण्याने आधीच्या ३० जणांचे प्रत्येकी एक मिनिट वाढते, म्हणजे एकूण ३० मिनिटे वाया जातात. फायदा एकाचा, तोटा सगळ्यांचा, आणि तोटा फायद्यापेक्षा मोठा. मग बत्तिसावा वळतो, तेहतिसावा वळतो. शेवटी साठच्या साठ गाड्या अरुंद रस्त्यावर येतात आणि प्रत्येकाला ६० मिनिटे लागतात. शेवटी आलेल्याचे काहीच वाचत नाही, पण तो इतरांची मिळून ५९ मिनिटे खातो. रुंद रस्ता रिकामा राहतो.

यातला एकही चालक मूर्ख किंवा दुष्ट नाही. इतरांची निवड पाहून प्रत्येकाने स्वतःसाठी योग्य तोच निर्णय घेतला आहे. एकट्याने निर्णय बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीला क्रीडा सिद्धांतात, म्हणजे गेम थिअरीत, जॉन नॅश यांच्या नावाने ओळखले जाणारे संतुलन म्हणतात. नॅश यांनी ते १९५० मध्ये मांडले. दोनच वर्षांनी ब्रिटनमधील जॉन वॉर्ड्रॉप यांनी हाच विचार स्वतंत्रपणे रस्त्यांबाबत मांडला. वापरात असलेल्या सगळ्या मार्गांवर लागणारा वेळ सारखा होईपर्यंत चालक मार्ग बदलत राहतात, असे त्यांचे तत्त्व होते. मोबाइलवरचा नकाशा सर्वांना एकाच वेळी एकच आडरस्ता सुचवतो तेव्हा गल्ली का तुंबते, हे यावरून कळेल. पुढे १९६८ मध्ये जर्मन गणिती डिट्रिख ब्रेस यांनी तर नवा रस्ता बांधल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे दाखवले.

व्हिक्रींनी या गणितातला कळीचा मुद्दा व्यवहारात आणला. एकतिसावा मोटारवाला स्वतःच्या वेळेची आणि पेट्रोलची किंमत मोजतो. इतरांच्या ३० मिनिटांची किंमत मात्र त्याच्या बिलात येतच नाही. ती किंमत त्याच्यापुढे ठेवली, तर तो वळण्याआधी विचार करेल.

रांगेतून कुणाला काय मिळते?

१९६९ मध्ये त्यांनी याचा आणखी एक पैलू दाखवला. माणूस कोणत्या रस्त्याने जायचे हे जसे निवडतो, तसे कधी निघायचे हेही निवडतो. एका पुलावरून मिनिटाला ५० गाड्या जाऊ शकतात आणि ३००० जणांना नऊलाच पलीकडे पोहोचायचे आहे, असे समजा. पुलाला ६० मिनिटे लागणारच. काही जण लवकर पोहोचतील आणि कचेरीत ताटकळतील, पण त्यांना रांग लागणार नाही. काही उशिरा पोहोचून साहेबांची बोलणी खातील, त्यांनाही रांग कमी. नेमके नऊला पोहोचणाऱ्यांना सर्वांत लांब रांग. जाच सगळ्यांना सारखाच, फक्त त्याचे रूप वेगवेगळे.

आता रांगेत गेलेल्या वेळाचा हिशेब पाहा. रांग असो वा नसो, पूल मिनिटाला ५० गाड्याच सोडतो. रांगेत जळलेला वेळ आणि इंधन यांचा कुणालाही उपयोग होत नाही. नऊच्या ठोक्याला सर्वाधिक आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा टोल लावला, तर लोक आपोआप वेळ वाटून घेतील. पोहोचण्याच्या वेळा तशाच राहतील, रांग मात्र नाहीशी होईल. पूर्वी जो त्रास वेळेच्या रूपाने हवेत विरत होता, तो पैशाच्या रूपाने शहराच्या तिजोरीत येईल आणि त्यातून बस चालवता येतील.

आमच्या केसपेपरच्या खिडकीपुढेही हाच खेळ चालतो. खिडकी नऊला उघडते म्हणून कुणी आठला येतो. त्याच्या पुढे नंबर लावायला दुसरा सातला येतो, तिसरा सहाला. तासाला निघणारे केसपेपर तितकेच राहतात, वाढते फक्त ताटकळणे. इथे गर्दीच्या वेळेचे शुल्क लावणे अन्यायाचे ठरेल, कारण येणारा गरीब आणि आजारी असतो. वेळ नेमून दिलेले टोकन हा इथला इलाज. निदान मात्र तेच आहे. रांग ही सुद्धा एक किंमत असते, आणि ती दिल्याने कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

गाडीतला रेडिओ

१९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे व्हिक्रींनी राजधानी वॉशिंग्टनसाठी योजना मांडली. प्रत्येक मोटारीत एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवायचे. चौकातून गाडी गेली की त्याची नोंद होईल आणि महिन्याच्या शेवटी टेलिफोनसारखे बिल घरी येईल. टोलनाक्यावर थांबायचेच नाही. तेव्हा संगणक खोलीभर मोठे असत. ऐकणाऱ्यांना ही कल्पना हवेतली वाटली. हे स्वस्तात होते हे पटवण्यासाठी त्यांनी साठच्या दशकात स्वतःच्या मोटारीत एक साधा रेडिओ प्रक्षेपक बसवला आणि गाडी घराच्या आवारातून किती वेळा गेली याची नोंद ते मित्रांना दाखवत, असे सांगतात.

याच काळात, १९६१ मध्ये, त्यांचा लिलावावरचा निबंध प्रसिद्ध झाला. बंद पाकिटातील बोली लावताना प्रत्येक जण खरी किंमत लपवून दुसऱ्याचा अंदाज घेत बसतो. व्हिक्रींनी दाखवले की सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला वस्तू द्या, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्या. मग आपल्या मनातला खरा आकडा लिहिणे हेच प्रत्येकाच्या हिताचे ठरते. रस्ता आणि लिलाव या दोन्हींमागे एकच दृष्टी होती. माणसांना चांगले वागायचा उपदेश करण्यापेक्षा नियम असे करा, की स्वतःचे भले पाहणाऱ्याकडूनही सगळ्यांचे भले होईल. आम्हा डॉक्टरांना हे पटायला हवे. रुग्णाला नुसते रागावून व्यसन सुटत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

वागायला ते साधे आणि थोडे विक्षिप्त होते. हडसन नदीकाठच्या उपनगरातून ते रेल्वेने येत आणि स्टेशनपासून विद्यापीठापर्यंत चाके लावलेल्या स्केट्सवरून जात, ही आठवण सहकारी सांगत. व्याख्यानात डुलक्या काढत आणि मध्येच जागे होऊन नेमक्या वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारत, ही दुसरी.

नोबेल आणि तीन दिवस

८ ऑक्टोबर १९९६ रोजी ब्रिटनच्या जेम्स मर्लीज यांच्यासोबत त्यांना नोबेल जाहीर झाले. वय ८२. आता तरी आपले म्हणणे लोक ऐकतील, बेकारी आणि वाहतुकीबद्दल बोलता येईल, अशी त्यांना आशा होती. तीनच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, एका परिषदेसाठी रात्री मोटार चालवत जात असताना वाटेतच त्यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. पुरस्कार त्यांच्या वतीने एका सहकाऱ्याने स्वीकारला.

एका व्यक्तीच्या मृत्यूवरून वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही. या वयात हृदयविकाराला अनेक कारणे असतात. पण रहदारी आणि हृदय यांच्या नात्यावर पुढे चांगला अभ्यास झाला. जर्मनीच्या आउग्सबर्ग भागातील ६९१ हृदयविकाराच्या रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका येण्याच्या आधीच्या तासाभरात रहदारीत असण्याशी झटक्याचा धोका सुमारे तिपटीने वाढण्याचा संबंध त्यात दिसला. मोटारीतले, बसमधले आणि सायकलवरचे, सगळेच त्यात होते. धूर, आवाज आणि ताण यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे करणे कठीण असते.

उशिरा आलेला गुण

त्यांच्या विचाराची पहिली मोठी अंमलबजावणी सिंगापूरमध्ये १९७५ मध्ये झाली. शहराच्या मध्यभागी सकाळच्या गर्दीत शिरायला मोटारींना परवाना विकत घ्यावा लागू लागला आणि त्या वेळेतली वाहने ४० टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ मध्ये तिथे ही वसुली इलेक्ट्रॉनिक झाली. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये दिवसाला ५ पौंड शुल्क सुरू केले. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला. वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली, नागरिकांनी मतदानात कौल दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले.

स्टॉकहोमचा अनुभव डॉक्टरांसाठी महत्त्वाचा आहे. हवेचे प्रदूषण घटले आणि पुढच्या काही वर्षांत लहान मुलांमधील दम्याचे तीव्र झटके लक्षणीय कमी झाल्याचे अभ्यासात आढळले. अमेरिकेतील पुरावा तर थेट व्हिक्रींच्या उपकरणाशी जोडलेला आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत टोलनाक्यांवर न थांबता पैसे भरण्याची इलेक्ट्रॉनिक सोय आली, तेव्हा नाक्यांवरच्या रांगा आणि धूर घटला. जॅनेट करी आणि रीड वॉकर यांनी जन्मनोंदी तपासल्या. नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये, थोड्या लांब राहणाऱ्या मातांच्या तुलनेत, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती १०.८ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळे ११.८ टक्क्यांनी घटली होती. त्या मातांना कोणतेही औषध दिलेले नव्हते. त्यांच्या घराजवळची रांग तेवढी कमी झाली होती.

आपल्याकडचा फास्टॅग याच जातीचे उपकरण आहे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर सक्तीचा झाला. मात्र त्यातून रस्त्याचा खर्च वसूल होतो. गर्दीच्या वेळी जास्त आणि एरवी कमी, हा व्हिक्रींचा गाभा त्यात नाही.

गरिबाचे काय?

या उपायावरचा आक्षेप गंभीर आहे. पैसेवाला शुल्क भरून सुसाट जाईल आणि मध्यमवर्गीय माणूस घरी बसेल. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. शुल्क लावले आणि बस, लोकल वाढवल्या नाहीत, तर तसेच होईल. म्हणूनच लंडनमध्ये हा पैसा वाहतूक सुधारण्यासाठीच वापरण्याचे बंधन कायद्यात आहे.

पण आजची फुकट कोंडी गरिबाला फुकट पडते का, हेही विचारावे लागेल. ४० प्रवाशांची बस एकेका माणसाच्या मोटारींमागे अडकते. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई आणि चौकातला पोलीस दिवसभर धूर पितात. रुग्णवाहिकेतला हृदयविकाराचा रुग्ण सहज फेरफटका मारायला निघालेल्या मोटारीमागे उभा राहतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या हृदयाचा स्नायू मरत असतो. ही किंमत सगळे देतातच, फक्त ती कुठल्या बिलावर छापलेली नसते. आयुष्यभर श्रीमंतांवरील कराचा विचार केलेल्या माणसाला हे दिसले, यात नवल नाही.

आपल्या शहरांत असे शुल्क येईल की नाही, हे लोकप्रतिनिधी आणि नागरिक ठरवतील. तोवर काही गोष्टी हातात आहेत. वेळ बदलणे शक्य असेल तर अर्धा तास आधी किंवा नंतर निघा. कार्यालयाचे प्रमुख असाल तर सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्याची खरोखर गरज आहे का, ते तपासा. सिग्नलवर जास्त वेळ थांबावे लागले तर इंजिन बंद करा. दाट रहदारीत मोटारीच्या काचा लावून आतली हवा आतच फिरवण्याचे बटण चालू ठेवा, धूर कमी आत येतो. छातीत दुखू लागले तर स्वतः गाडी चालवत निघू नका, १०८ ला फोन करा.

व्हिक्रींच्या स्वतःच्या शहराने, न्यूयॉर्कने, मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळी ९ डॉलरचे शुल्क ५ जानेवारी २०२५ पासून सुरू केले. रात्री हे शुल्क बरेच कमी असते आणि त्यातून येणारा पैसा भुयारी रेल्वे आणि बसच्या सुधारणांसाठी ठेवला आहे. भाड्याचा त्यांचा पहिला अहवाल त्याच शहरासाठी होता. मध्ये ७० हून अधिक वर्षे गेली.